तीन अभयारण्यं आणि एक चिमणी

आमच्या घरगुती भांडणांचे कायमचे पंच, डोळ्यांच्या दवाखान्यातल्या नंबर लावण्याच्या खिडकीचे तीस वर्षांचे धनी आणि आपल्या भगिनींचे एकुलते एक बंधू, मेव्हणेबुवा यांस तुमच्या भाऊजींचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण तीन दिवस जीपमध्ये आदळून आठांपैकी पाचच अंगं जाग्यावर राहिली आहेत. तेवढ्या पाचांचा स्वीकारावा.

तुमचा उजवा गुडघा, वहिनींची पाठ आणि गॅलरीतलं ते लिंबाचं रोपटं, तिघांची तब्येत सविस्तर कळवावी. मागच्या पत्रात गुडघा ‘तसा बरा आहे’ असं लिहिलं होतं. त्यातला ‘तसा’ मला काही आवडला नाही. जिन्यावरून जपून उतरत जा, कठड्याला धरायला लाजू नका. आम्ही उभयता कालच परत आलो आणि खुशाल आहोत. अक्षर जरा मोठं आलंय, एका पानात सहाच ओळी मावतात, ते तुमच्या सोयीसाठी. तुमचंही आता वय झालं.

तुम्ही सुचवलेल्या सहलीबद्दल तुमचे आभार कसे मानावेत या विचारात मी परतीचा सगळा प्रवास खिडकीबाहेर बघत काढला. (खिडकीबाहेर काय होतं ते विचारू नका. हिरवं होतं.) सहल कशी ठरली हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण ती ठरवण्याचं पाप तुमचंच, तरी कागदावर असलेलं बरं, म्हणून लिहितो. बेकरीवाल्यानं मी रंगवलेली पाटी परत आणून दिली आणि ‘काका, अक्षरं उताराला लागलीत, त्यांना ब्रेक लावा’ असं चारचौघांत म्हणाला, तो दिवस. आमच्या बाहेरच्या खोलीत तुम्ही खुर्चीत, आपल्या भगिनी दाराच्या चौकटीत, आणि मी मधे रंगाच्या डब्यांच्या गराड्यात आरोपीसारखा बसलेला. आपल्या भगिनींचं म्हणणं असं, की पन्नास वर्षं हा माणूस दोरीला खडू लावून, सूत मारून, त्या सुतावर अक्षर बसवत आला. दोन वर्षांपूर्वी यानं सूत मारणं सोडलं, कारण मारलेलं सूतच याला दिसेना. माझं म्हणणं असं, की हात बसला की सूत लागत नाही. तुम्ही ‘मोतीबिंदू’ हा शब्द काढलात. मी म्हटलं, मोतीबिंदू माणसाच्या डोळ्यात नसतो, दवाखान्याच्या वहीत असतो. मग तुम्ही, मोठे मध्यस्थ, हसून तोडगा सांगितलात: तिकडे तीन अभयारण्यं आहेत, एका ठिकाणी तरी भाऊजींनी एक प्राणी स्वतःच्या डोळ्यांनी, कुणी बोट न दाखवता, सगळ्यांच्या आधी बघून दाखवावा. दाखवला तर वर्षभर घरात मोतीबिंदूचं नाव निघणार नाही. नाही दाखवला तर भाऊजी मुकाट्यानं तुमच्या खिडकीसमोरच्या बाकावर येऊन बसतील. आणि जवळच चार धर्मांची चार देवस्थानं आहेत, ताईला तिथंही जाता येईल, एका तिकिटात सगळं. डॉक्टरच्या तक्त्यावरची अक्षरं निदान एका जागी उभी राहतात हो. तुम्ही मला पळणारा तक्ता दिलात.

मी भितो म्हणून ऑपरेशन टाळतो, असं तुमच्या दोघांचं मत आहे. ते खरं आहे असं समजून चला, वाद नको. पण मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. पुढचं जे काही वाचायला शिकलो ते लोकांच्या दुकानांची नावं रंगवता रंगवता. उद्या तुमच्या डॉक्टरचा हात इकडचा तिकडे झाला आणि आहे तेवढंही गेलं, तर मी सकाळी उठून करायचं काय? रेडिओ ऐकायचा? (रेडिओही आपल्या भगिनींच्या ताब्यात असतो.)

असो. तर त्या गावी पोचलो. लॉजच्या मॅनेजरनं खोली देताना सांगितलं की खिडकीतून टेकडी दिसते. मी खिडकी उघडली, दोन मिनिटं बघितलं आणि प्रामाणिकपणे म्हटलं की मला काही दिसत नाही. आपल्या भगिनींनी लगेच ‘बघा’ अशा अर्थाचा श्वास सोडला. मग मॅनेजर स्वतः पुढे आला तर खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत होती, टेकडी पलीकडच्या खोलीतून दिसते. म्हणजे पहिल्या परीक्षेत मी पैकीच्या पैकी. हे टिपून ठेवावं.

गावाच्या मधोमध ती टेकडी. चार बाजूंना चार देवस्थानं, देऊळ, दर्गा, चर्च आणि विहार, आणि माथ्याच्या जरा खाली एक उपाहारगृह, जिथं चारही धर्मांच्या माणसांना सारखाच पाणचट चहा मिळतो. तुम्ही दिलेल्या माहितीपत्रकात छापलंय की इथला भाविक एका दारी माथा टेकून थांबत नाही, तो दुसऱ्याच्याही दारी जातो, असा एकोपा शोधून सापडणार नाही. वाचून माझा ऊर भरून आला होता. पायथ्याशी गेलो तर त्या एकोप्याचं कारण समोर दोन खांबांवर उभं होतं. ती एक पाटी होती. वर ‘सुस्वागतम्’, त्याखाली देऊळ, दर्गा, चर्च, विहार, उपाहारगृह अशी पाच नावं, आणि उजवीकडे पाच बाण. आम्ही देवळासमोरचा बाण बघून निघालो, साठ पायऱ्या चढलो, आणि दर्ग्यात पोचलो. तिथल्या मुजावरांना आम्हाला बघून काडीचं आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी न विचारता पाण्याचे दोन पेले पुढे केले, बसायला सतरंजी दिली, घाम पुसून झाल्यावर ‘देऊळ ना? मागच्या पायऱ्यांनी जा’ असं सांगितलं, आणि आमच्या मागून धापा टाकत येणाऱ्या पुढच्या देऊळवाल्यांसाठी पेले विसळायला घेतले.

खाली उतरल्यावर मी त्या पाटीला नाक लावून तपासणी केली. (कामातला माणूस जवळूनच बघतो. डोळ्यांचा संबंध नाही.) काय प्रकार होता सांगू? नावांची ओळ डावीकडून उजवीकडे खाली घसरत गेलेली आणि बाणांची रांग वर चढत गेलेली. त्यामुळे प्रत्येक बाण एक घर वर सरकलेला. देवळाचा बाण ‘सुस्वागतम्’ला जाऊन चिकटला. देवळासमोर दर्ग्याचा बाण आला, दर्ग्यासमोर चर्चचा, चर्चसमोर विहाराचा, आणि विहाराची शांती शोधणारा माणूस सरळ उपाहारगृहात जाऊन चहा पितो. ज्याला चहाच हवा असतो त्याच्यासमोर बाणच नाही, तो बिचारा चारही ठिकाणी विचारत फिरतो. हा तुमचा दुर्मिळ एकोपा. माहितीपत्रक छापणाऱ्यांनी त्या पाटीला निदान दोन ओळींचं श्रेय द्यायला हवं होतं.

पाटीखालीच एक मावशी लोकांच्या चपला सांभाळत बसतात. चारही देवस्थानांच्या चपला एकाच ठिकाणी, एकाच मावशींकडे. त्यांना मी मोठ्या आवाजात, पाच-सहा जण ऐकत असताना विचारलं की हे कुणाचं कर्तृत्व. त्या म्हणाल्या, दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा लांबच्या गावाहून गोणपाटात बांधून आली, कुणा दलालामार्फत. मग माझी जीभ सुटली. मी म्हटलं, “ज्यानं ही रंगवली त्याचा ब्रश काढून घ्या आणि त्याला गोठ्याच्या भिंतीला चुना फासायला बसवा.” मावशी पान चघळत म्हणाल्या, “असं नका हो बोलू. वाकडं असलं तरी अक्षर किती मायेचं आहे.” मी म्हटलं, माया घरी करावी, पाटीवर सूत मारावं. लोक हसले. मला बरं वाटलं. बेकरीवाल्याच्या प्रसंगानंतर प्रथमच चारचौघांत दुसऱ्या कुणाच्या तरी ओळी घसरल्या होत्या. आपल्या भगिनी मात्र हसल्या नाहीत. त्या हातातली मोठी कापडी पिशवी पाटीच्या खालच्या कोपऱ्याला लटकवून, पाटीला टेकून उभ्या होत्या, आणि ‘चला आता’ एवढंच दोनदा म्हणाल्या.

मग आम्ही बाणांवर विश्वास न ठेवता, विचारत विचारत, राहिलेली तीन ठिकाणं केली. आपल्या भगिनी प्रत्येक ठिकाणी डोळे मिटून बराच वेळ उभ्या. एकच अर्ज चार कचेऱ्यांत दिल्यासारखा प्रकार, कुठल्या तरी साहेबाची सही होईलच. मी विचारलं काय मागितलंस, तर ‘तुमच्याबद्दल नाही’ असं उत्तर. म्हणजे माझ्याबद्दलच. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर तेवढं कळतं.

आता अभयारण्य पहिलं. इथं मला एक कबुली द्यायची आहे आणि ती तुमच्या पोटातच राहावी. मी जीपवाल्याशी आदल्या संध्याकाळी बोलून ठेवलं होतं. भला माणूस. ठरलं असं, की त्याला जनावर दिसलं की तो खोकणार. एकदा खोकला तर हरीण, दोनदा खोकला तर रानडुक्कर, तीनदा खोकला तर बिबट्या. आणि ज्या बाजूला असेल त्या बाजूच्या दारावर थाप. बदल्यात मी त्याच्या जीपच्या मागं त्याच्या लेकीचं नाव वेलबुट्टी काढून रंगवून द्यायचं. यात लबाडी नाही, ही दोन कारागिरांमधली देवाणघेवाण आहे. आमच्याबरोबर जीपमध्ये एक निवृत्त हेडमास्तर होते, गळ्यात दुर्बीण, हातात वही, दिसेल त्या जनावराची वेळ, जागा आणि संख्या लिहिणारे. ते आपल्या भगिनींनी पंच म्हणून नेमले.

सकाळी निघालो. पहिल्या वळणावर एक खोकला, डाव्या दारावर थाप. मी शांतपणे म्हटलं, “डावीकडे हरीण.” हेडमास्तरांनी दुर्बीण लावली, ‘वा’ म्हणाले, वहीत लिहिलं. मी आपल्या भगिनींकडे बघितलं नाही, पण माझी मान कशी दिसत असेल याची मला कल्पना होती. दुसऱ्या वळणावर दोन खोकले. रानडुक्कर, बरोबर. मी मनात तुमच्या बाकाला रामराम केला. आणि मग, मेव्हणेबुवा, पुढच्या जीपची धूळ आमच्या जीपवाल्याच्या घशात गेली. त्याला आदल्या दिवसापासून सर्दी होती, हे ठरवताना त्यानंही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तो जो खोकायला लागला तो थांबेना, आणि खोकता खोकता तोल सावरायला एकदा या दारावर हात आपटी, एकदा त्या. मी शब्दाचा पक्का. तीन खोकले, बिबट्या. पुन्हा तीन, पलीकडे बिबट्या. एक सुटा, मधेच हरीण. अर्ध्या तासात मी सोळा बिबटे जाहीर केले. हेडमास्तर पहिले तीन लिहीपर्यंत हौसेनं लिहीत होते, मग त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि अतिशय सभ्यपणे सांगितलं की या सबंध जंगलात वनखात्याच्या गणतीप्रमाणे एकूण बिबटे चार आहेत. मी म्हटलं, खात्याची माणसं कचेरीत बसून मोजतात. तेवढ्यात आपल्या भगिनींनी पिशवीतून खोकल्याची गोळी काढून जीपवाल्याला दिली. त्यानं ती चघळायला घेतली आणि सबंध जंगल एकदम रिकामं झालं. परत येईपर्यंत एक ससासुद्धा निघाला नाही.

दुसऱ्या दिवशीचं अभयारण्य म्हणजे तळं. पक्ष्यांचं. इथं जीप नाही, त्यामुळे खोकला नाही. लाकडी मनोऱ्यावर चढून बसायचं आणि गप्प बघायचं. मी ठरवलं की आता स्वतःच्या हिमतीवर. तासभर टक लावून बसलो आणि मला दिसला. पाण्याच्या कडेला, एका पायावर उभा, पांढराशुभ्र, छाती पुढे काढलेला. सगळ्यांच्या आधी, कुणी बोट न दाखवता. मी हळूच पण ठणठणीत आवाजात म्हटलं, “तो बगळा.” आणि त्याचं वर्णनच सुरू केलं: कसा निश्चल आहे, पापणी हलवत नाही, माणसानं शिकावी अशी एकाग्रता. पाच मिनिटं मी बोलत होतो. हेडमास्तरांनी दुर्बीण खाली घेतली, घसा खाकरला आणि म्हणाले की त्यावर ‘पोहण्यास सक्त मनाई आहे’ असं लिहिलंय. मेव्हणेबुवा, पन्नास वर्षं पाट्या रंगवणाऱ्या माणसानं पाटीला बगळा म्हणावं, यात चूक कुणाची? ज्यानं ती इतकी पांढरी रंगवली त्याची. पांढऱ्या पाटीला काळी किनार द्यावी, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. हे मी हेडमास्तरांना तिथंच ऐकवलं. त्यांनी मान डोलावली. फार डोलावली, खरं तर.

तिसऱ्या दिवशी तिसरं. जीपवाला तोच, पण घसा बरा झालेला आणि चेहरा असा गंभीर की मी खोकल्याचा विषयच काढला नाही. दुपार उतरता उतरता एका मोठ्या झाडाखाली चार जीपगाड्या थांबलेल्या. सगळे वर बघतायत, कुणी श्वास घेत नाहीय. आपल्या भगिनींनी माझ्या कोपराला धरलं आणि हळूच म्हणाल्या, “तो बघा बिबट्या. आडव्या फांदीवर.” बोट दाखवल्यामुळे तो पैजेतून बाद, पण निदान बघून तरी घ्यावा म्हणून मी बघितलं. झाड दिसलं. उत्तम झाड होतं. मी म्हटलं, दिसला. त्यांनी विचारलं, “शेपटी कुठल्या बाजूला आहे हो त्याची?” आता आली का पंचाईत. मी म्हटलं, डावीकडे. त्या ‘हं’ म्हणाल्या. तुम्ही त्यांच्याबरोबर लहानाचे मोठे झालात, तुम्हाला तो ‘हं’ माहीत आहे. पुढे हेडमास्तर वहीत लिहिता लिहिता स्वतःशीच पुटपुटले, की शेपटी फांदीआड असल्यानं लांबी नोंदवता आली नाही. मी सगळी वाट गप्प बसून आलो. जंगलात शांतता पाळावी असा नियमच आहे.

आता शेवटच्या सकाळचं. बस सुटायला अवकाश होता. आपल्या भगिनी म्हणाल्या, चपलावाल्या मावशींना निरोप देऊन येऊ. मी म्हटलं चला, नाहीतरी तीन दिवस ती पाटी माझ्या डोक्यातून जात नव्हती. मी मावशींना सांगितलं की मी या धंद्यातला माणूस आहे, घरी गेल्यावर नवी पाटी रंगवून देवस्थानांना भेट म्हणून पाठवीन, सरळ. मावशी म्हणाल्या, चौघांना विचारावं लागेल. मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, आणि लाकूड कुठलं वापरलंय ते बघावं म्हणून पाटीवरून हात फिरवायला लागलो. लाकूड चांगलं होतं. घासकाम चांगलं होतं. रंगही, खरं सांगायचं तर, नीट तीन हात दिलेला. हात फिरत फिरत खालच्या उजव्या कोपऱ्यात गेला आणि बोटाला काहीतरी लागलं. नखाएवढा उंचवटा. मी त्यावर पुन्हा बोट फिरवलं. गोल पोट, आखूड चोच, वर केलेली शेपटी.

तुम्हाला सांगितलेलं आठवत असेल, मी आयुष्यात पहिली पाटी रंगवून अंगणात वाळत ठेवली होती तेव्हा ओल्या रंगावर एक चिमणी येऊन बसली होती. तिचे पाय उमटले. पाटी बिघडली म्हणून मी रडकुंडीला आलो होतो, तर ज्याची पाटी होती तो शिंपी म्हणाला, राहू दे, शोभतंय. तेव्हापासून प्रत्येक पाटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात मी जाड रंगात एक चिमणी काढतो. शेपटी वर. दुसरा कुणी काढत नाही. काढली तरी शेपटी खाली काढतो. आणि दलाल नावांच्या चिठ्ठ्या गठ्ठ्यानं आणून देतो, कुठली पाटी कुठल्या गावाला गेली ते ना तो सांगतो, ना माझ्या लक्षात राहतं.

मी वाकलो, नाक पाटीला लागेपर्यंत वाकलो, आणि ती मला दिसली. तीन दिवस, तीन अभयारण्यं, सोळा बिबटे आणि एक बगळा झाल्यावर, मला नक्की दिसलेला असा हा एकमेव जीव.

मावशींनी विचारलं, “काय झालं हो काका?” मी म्हटलं, “काही नाही. रंग चांगला आहे.” त्या म्हणाल्या, मी म्हटलंच होतं, मायेचं काम आहे. पहिल्या दिवशी जे पाच-सहा जण हसले होते त्यांच्यापैकी तिथं कुणी नव्हतं, हे माझं नशीब. आपल्या भगिनी दोन पावलांवर उभ्या होत्या, हातात ती कापडी पिशवी. ‘चला, बस लागली असेल’ म्हणाल्या, आणि रस्ता ओलांडताना माझा हात धरला. नेहमी धरतात तसाच. ती पाटी माझीच, हे मी मावशींना सांगितलं नाही. बसमध्ये बसल्यावर वाटलं की सांगायला हवं होतं. म्हणून त्यांना पत्र टाकणार आहे, हे संपलं की.

तात्पर्य काढण्याचं काम पंचांचं, म्हणजे तुमचं. मी फक्त वस्तुस्थिती सांगतो. कुणी बोट न दाखवता, सगळ्यांच्या आधी, स्वतः, मी एक प्राणी बघितला आणि त्याचं नाव घेतलं. (मनात घेतलं, पण घेतलं.) चिमणी हा प्राणी नाही असं तुमचं म्हणणं असेल तर ते हेडमास्तरांना लिहून विचारा. तेव्हा पैज मी जिंकलेली आहे, आणि ठरल्याप्रमाणे वर्षभर आमच्या घरात मोतीबिंदूचं नाव निघणार नाही. वहिनींना नमस्कार, लिंबाच्या रोपट्याला पाणी बेतानं, गुडघ्याला तेल रोज.

तुमचा,
विजयी भाऊजी

ता. क. घरात नाव निघणार नाही, असं ठरलंय. तुमच्या खिडकीत निघायला हरकत नाही. पुढच्या पंधरवड्यात एखादी तारीख असेल तर माझ्या नावावर लिहून ठेवा. मात्र इकडे पत्र पाठवताना ‘भाऊजी, माझ्या शब्दाखातर या’ असं लिहा, म्हणजे तुमच्या आग्रहाला मान दिल्यासारखं होईल. आपल्या भगिनींना यातलं अक्षरही कळू देऊ नये. आणि त्या दिवशी तुम्ही खिडकीत बसू नका, आत माझ्याजवळ थांबा. दुखतं का, हे मी विचारत नाही. पण तुम्ही आपणहून सांगितलंत तर ऐकून घेईन.

दुसरा ता. क. पत्र बंद करतो तोच चपलावाल्या मावशींनी लॉजच्या मॅनेजरकडून आमचा नंबर घेऊन फोन केला. (बेत सांगितला त्याच दिवशी त्यांनी पुजारी, मुजावर, पाद्री आणि भन्ते या चौघांना उपाहारगृहात गाठलं.) चौघांनी चहा घेता घेता ठरवलं, की नवी पाटी अवश्य पाठवा, जुनी पावसानं फुगली आहे, पण बाण होते तसेच ठेवा. दोन वर्षांत लोकांना सवय झाली, कुणाची तक्रार नाही, आणि बाण सरळ केले तर दर्ग्यातले पाण्याचे पेले कुणासाठी भरायचे, असं मुजावर म्हणाले म्हणे. मावशींनी वर विचारलं, “तुम्हाला जमेल ना तसं वाकडं?” आता हे मी त्यांना फोनवर कसं समजावणार? चुकून वाकडा बाण कुणीही काढतो. मुद्दाम, बरोबर एका घरानं वाकडा काढायला नजर धड लागते. तेव्हा पंधरवडा नको. या आठवड्यात बघा.

छोट्या, मी ताई. ह्यांनी पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं आणि वाचू नकोस म्हणाले, म्हणून वाचलं. खोकल्याचं मला पहिल्याच संध्याकाळी जीपवाल्यानं येऊन सांगितलं होतं, त्याला लबाडी सोसेना. मीच म्हटलं, खोक बाबा, त्यांची हौस होऊ दे. पण सोळा झाल्यावर हेडमास्तरांची दया आली. चिमणी मला पहिल्याच दिवशी दिसली, ते तावातावानं बोलत होते तेव्हा. पिशवी उगाच नव्हती लटकवली. चारही ठिकाणी मी एकच मागितलं, की ह्यांचं ह्यांना कळू दे, माझ्या तोंडून ऐकायला लागू नये. तेव्हा तू पत्र पाठव त्यांनी सांगितलंय तसं, ‘माझ्या शब्दाखातर’ लिही, मी काही वाचलेलं नाही.

आता तुझ्यापुरतं. मला जवळचं सगळं दिसतं, चिमणीसुद्धा. लांबचं वर्षभर झालं धूसर आहे. तो बिबट्या मला दिसला नव्हता. सगळ्यांच्या माना वर होत्या आणि मागच्या जीपमधली बाई ‘आडव्या फांदीवर’ म्हणाली, तेच मी ह्यांना सांगितलं. शेपटी कुठल्या बाजूला हे मी परीक्षा घ्यायला नाही रे विचारलं. मला वाटलं, ह्यांना दिसतोय तर विचारून घ्यावं.

माझ्या नावाचीही एक तारीख लिहून ठेव. फक्त ह्यांच्याच दिवशीची नको. एकानं तरी दुसऱ्याचा हात धरून घरी आणायला हवं.